पाटील साहेबांच्या गोळ्या

आमच्या चाकूरच्या हापिसातल्या पाटील साहेबांचं सोवळं तुमाला म्हाईत न्हाई. माझ्या डब्यात काय असंल या भ्यानं बारा वर्षं येगळ्या टेबलावर जेवले. परवा गोळ्यांची डबी दाखवून म्हणले, "कांबळे, रक्त कमी झालं म्हणून पोरानं अमेरिकेहून धाडल्यात. लोह हाय, बी-बारा हाय. लई ताकद आली. बारीक अक्षर वाचा जरा."

वाचलं. वाळवलेली बीफ कलेजी.

म्हणलं, "साहेब, ही मोठ्याची कलेजी हाय. आमची माय बाळंतिणीला हेच खाऊ घालायची."

साहेबांनी इकडं-तिकडं बघितलं, दोन गोळ्या पाण्यासंगं गिळल्या.

"औषधाला विटाळ नसतो, कांबळे."

मी त्यांच्यासमोरच बायकोला फोन लावला. म्हणलं, "आज भाजी नको करू. औषध शिजव."