कान देऊन बसलेली आई

हॅलो?… कोण?… अगं धाकटे, तू होय! काळजात धस्स झालं माझ्या. "आहेस ना गं घरात?"… आई अशीच हाक द्यायची दारातून, पिशवी खाली ठेवायच्या आधी. आवाज थेट तिचा घेतलायस बघ.

हो, हो… डोळा बराय. पट्टी उद्या निघेल… फोटो पाठवलास तरी काय करू? दिसायला नको? तूच सांग. कुठून बोलतेयस?… फ्रेमवाल्याकडे? कुठलं चित्र नेलंस?

…आईचं. पेन्सिलीचं. हं.

काही नाही, ऐकतेय… बाबांच्या नकाशांच्या पुठ्ठ्यात होतं, ठाऊक आहे मला. मग?… खाली पितळी पट्टी? "बाबांनी काढलेली आई"?… अगं, इतकी घाई कशाला? तो कोरायला बसलाय? बसू दे. चहा घे म्हणावं आधी.

चिडलेली?… छे! भुवया वर आहेत ना? मान जराशी कलती?… मग! चिडलेलं माणूस मान कलती करतं का कधी? ती ऐकतेय गं. बाबांची सायकल वळणावर आली का, ते. संध्याकाळी उसवलेलं शिवता शिवता हात थांबायचा, सुई हवेत राहायची, अन् सगळी आई कानात येऊन बसायची. म्हणून तर कान एवढा गिरवून गिरवून काढलाय… ओठ अर्धवट? ती गप्प बसेल तर ओठ पुरे होतील ना!

काय?… अगं ऐक ना, गालावरच्या रेघांचं काय घेऊन बसलीस… वरून खाली, उजवीकडे उतरतात? फ्रेमवाला म्हणतो डावखुऱ्या हाताच्या? भलताच शहाणा दिसतोय.

हो… बाबा उजव्या हाताचेच होते.

घरात डावखुरं कोण, ते मला काय विचारतेस…

 

हो गं. मीच काढलं. सोळा वर्षांची होते, तू पाळण्यात. बाबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. ते अवाक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, फेकलं असेल… ते गेल्यावर आईनं पुठ्ठा उघडला, अन् छातीशी धरून म्हणाली, "म्हणजे पाहिलं होतं यांनी माझ्याकडे." त्या तोंडाकडे बघून काय सांगणार होते मी? शेवटपर्यंत त्या पुठ्ठ्यासकट उशाशी होतं तिच्या.

रडू नकोस, दुकानात आहेस… बाबांना कदर नव्हती? तसं कसं? नकाशांबरोबर जपलं की त्यांनी. सुरकुती पडू दिली नाही.

काय म्हणतेस?… तीच पट्टी राहू दे? आईला बरं वाटायचं म्हणून?… हं. बरोबर आहे तुझं. राहू दे… ठेवते मग.

धाकटे! अगं, थांब… ठेवलास का? नाही ना?… त्याला म्हणावं, थांब. माझं नाव घाल खाली… नाही, आईसाठी गप्प बसले, त्याचं काही वाटत नाही. पण मला हवंय गं ते नाव. तेव्हापासून हवंय.