खेळाची पद्धत, इंग्रजीत

बसा हो, तुमच्या रॅकेटच्या तारा ओवायला अर्धा तास जाईल. तुमचं इंग्रजी चांगलं आहे म्हणालात ना, म्हणून विचारतो — टेनिसमध्ये आलेला प्रत्येक चेंडू नुसता परत पाठवणारीला काय म्हणतात? मारत नाही, घाई नाही, फक्त परत — समोरचीचा जीव मेटाकुटीला येतो, शेवटी तीच चुकते. माझी मुलगी अशी खेळते. खेळायची.

परदेशातल्या कॉलेजचा फॉर्म होता, खेळावर प्रवेश. त्यात एक रकाना — खेळाची पद्धत. म्हणाली, बाबा, तुम्हीच लिहा, माझा खेळ तुमच्याइतका कुणी पाहिलाय? मी ‘डिफेन्सिव्ह’ लिहिलं, खोडलं — भित्री वाटेल. ‘स्टेडी’ लिहिलं — छे, ते कारकुनाला शोभेल. शेवटी ‘अग्रेसिव्ह बेसलाइनर’ ठोकून दिलं. म्हणजे मागच्या रेषेवरून तुटून पडणारी. टीव्हीवर हा शब्द ऐकला होता, भारदस्त वाटला.

आणि महिन्यापूर्वी आलं की उत्तर! त्यांचा माणूस येतोय या रविवारी, खेळ बघायला. झाली ना पंचाईत! तिला म्हटलं, जरा जोरात मार. म्हणाली, तो माझा खेळ नाही. मग मी — काही नाही, आपलं — बरं, सांगतो, तुम्ही काय कुणाला सांगणार. तिच्या तारांचा ताण पंचावन्न पौंड. मी गुपचूप सत्तेचाळीसवर आणला. तार सैल की चेंडू जोरात सुटतो. सुटला हो — पण रेषेबाहेर. महिन्यात पाच मॅच हरली. आता मनगटाला पट्टी बांधून बसते. डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही. काल रॅकेट इथे ठेवून गेली. म्हणाली, विकून टाका. रडली असती तर बरं वाटलं असतं मला.

काय म्हणालात? काउंटरपंचर? समोरच्याचा जोर त्याच्यावरच उलटवणारी... अगदी हीच. एवढा चांगला शब्द होता होय?

तारांचं नाही सांगितलं तिला. कसं सांगू? नऊ वर्षांची होती तेव्हापासून तिच्या रॅकेटला दुसऱ्या कुणाचा हात नाही लागला. मध्ये एकदा विचारलंही होतं तिने — बाबा, तारा सैल लागतायत का? मी म्हटलं, तारा ठीक आहेत, तुझं मनगट ढिलं पडलंय. तिने लगेच मान डोलावली. लगेच, हो.

तुमची रॅकेट उद्या न्या. नाही, आज नाही होणार. मशीनवर आधी तिची चढवतोय, पंचावन्नवर. उठा आता, शटर ओढायचंय मला.