नागोबा भाऊ

वारलेल्या बायकोची उरलेली औषधं परत करायला हणमंतराव लखनौच्या दवाखान्यात रांगेत उभे होते. पाठीमागून एका नवरा-बायकोचं मराठी ऐकू आलं.

"कांचन, नागाच्या विषापासून केलंय ते औषध. अजून चाचणीच चालू आहे. सही करू नकोस."

"करणार."

"नागपंचमीला भाऊ म्हणून उपास धरतेस त्याचा!"

"मग बहिणीच्या दुखण्यात भाऊच उपयोगी पडणार ना? पायाला चादर लागली तरी आग होते माझ्या. पेन द्या."

"गुण नाही आला तर?"

"तेवढं तरी डॉक्टरांना कळेल. पेन!"

"घरी राहिलं."

"खोटारडे! भैया, पेन है?"

हणमंतरावांनी वळून पेन पुढे केलं. "घ्या, वहिनी. आमच्या हिची चादर मी दोन खुर्च्यांवर ताणून बांधायचो."