चांगुणाबाईंची साक्ष

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवानिवृत्त होणारे आमचे सरकारी वकील बिभीषणराव दरंदले साहेब आणि नगरच्या वकील बंधू-भगिनींनो,

साहेबांनी जिंकलेल्या खटल्यांविषयी माझ्या आधीचे वक्ते बोललेच आहेत. मी त्यांची सहायक. आपली परवानगी गृहीत धरून एका हरलेल्या खटल्याविषयी बोलते.

नेवासा तालुक्यातल्या चांगुणाबाईंच्या नवऱ्याला शेजारच्या रविराजने बांधाच्या भांडणातून कुऱ्हाडीने ठार मारलं. दिवसाढवळ्या, त्यांच्या डोळ्यांदेखत. रविराजचे भाऊ दारात येऊन बसले, तशा त्या लेकरं घेऊन खर्ड्याला माहेरी पळाल्या. पोलिसांना जबाब दिला तो आठवड्याने.

इथल्या कोर्टात उलटतपासणीत त्या जराही डगमगल्या नाहीत. रविराजला जन्मठेप झाली. अपिलात मात्र प्रश्न आला, डोळ्यांनी पाहिलं होतं तर बाई आठवडाभर गप्प का? दुसरा साक्षीदार नव्हता, कुऱ्हाड सापडली नव्हती. रविराज संशयाचा फायदा मिळून सुटला. त्या निकालाला नावं ठेवता येतील का? एकाच साक्षीवर माणसाला जन्मभर कोंडायचं, तर ती निःसंशय हवी, हे आपणच नव्या वकिलांना शिकवतो ना?

निकाल सांगायला साहेब स्वतः गेले. मी सोबत होते. जन्मठेपेच्या निकालानंतर गावी परतलेल्या बाई आपल्या शेतात कापूस वेचत होत्या.

"सायेब, म्या पाह्यलं ते खोटं ठरलं का?"

"नाही बाई. तुम्ही खरंच बोललात. कोर्टाला तेवढं पुरलं नाही."

"मंग त्यो आता घरी येनार?"

"येणार."

"आमचा बांध तर एकच हाय," असं म्हणून त्या पुन्हा कापूस वेचू लागल्या.

गेल्या वर्षी रविराजने आपल्या भावजयीला, सविताला, काठीने मारलं असा आरोप आहे. ती वाचली नाही. हे घडलं चांगुणाबाईंच्या दारासमोर. पोलिसांना त्यांनी सांगितलं, "म्या आत हुते. काय दिसलं न्हाई."

साहेब पुन्हा गेले. "चांगुणाबाई, तुम्ही पाहिलंय ना?"

"पाह्यलं तरी काय हुतं, ते तुमीच सांगा."

साहेबांनी आग्रह केला नाही.

सविताचा खटला उद्यापासून माझ्याकडे येतो आहे. उद्याच मी त्या गावी जाणार आहे. बाईंना काय विचारावं, हे अजून सुचलेलं नाही.

साहेब, आपण शिकवलंत, त्याबद्दल ऋणी आहे. सभागृहाने शांतपणे ऐकलं, आभारी आहे. निरोपाच्या दिवशी जड बोलले असेन, काही चुकलं असेल, तर पदरात घ्यावं.