मागच्या दारातून हाक

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पुढच्या रांगेत बालमंदिराच्या बाई बसल्यात, मुख्याध्यापकही आलेत, तर प्रश्न त्यांनाच. एखादं मूल आपल्याला कळलं असं ज्या दिवशी वाटतं, त्यानंतर आपण त्याच्याकडे बघतो का हो?

ऐका! एका गावात माँटेसरीचं बालमंदिर. तिथल्या मंदाकिनीताई रोज प्रत्येक मुलाची निरीक्षणाची वही लिहायच्या. चार वर्षांच्या रेवतीच्या वहीत तीन महिने एकच शब्द — हट्टी! हसू नका. तुमच्या घरी वही नसते, एवढाच फरक.

हट्टी का? तर तिथं शांततेचा खेळ असायचा. मुलं गप्प बसायची. ताई त्यांच्या पाठीमागं दारात उभ्या राहून एकेकाचं नाव कुजबुजायच्या. ज्याचं नाव येईल त्यानं चवड्यांवर, आवाज न करता यायचं. रेवती कधीच उठली नाही! एरवी मोठ्यानं हाक मारली की धावत यायची. मग हट्टच, नाही का?

शेवटी मुख्याध्यापिका सुलभाबाईंनी ठरवलं — शनिवारी आईसमोर खेळ घ्यायचा. नाही उठली, तर नाव कमी. आई पोळ्या लाटून पोट भरणारी, गावात दुसरी शाळा नाही. ती भिंतीला टेकून, पदर मुठीत धरून उभी.

एकेक नाव गेलं. एकवीस मुलं उठली. उरली एक. ताई कुजबुजल्या, "रेवती." काही नाही. पुन्हा, "रेवती." नाहीच! सुलभाबाईंनी पेन उघडलं. आईनं डोळे मिटले.

आणि मंडळी, ताईंची नजर रेवतीवर थांबली. त्यांनी आज पहिल्यांदा नीट पाहिलं. पोर मान वळवून वळवून रिकाम्या जागा बघत होती. ती वाट बघत होती हो! हट्टी मूल वाट कशाला बघेल?

"बाई, थांबा. मला एक विचारायचंय," ताई म्हणाल्या.

"कुणाला?"

"मलाच."

दार सोडून ताई पुढे आल्या, रेवतीसमोर जमिनीवर बसल्या. तेवढ्याच हळू आवाजात नाव घेतलं. रेवतीनं त्यांचे ओठ पाहिले. उठली. चवड्यांवर आली — बांगडीचाही आवाज नाही! आणि म्हणाली, "ताई, आज मला बोलावलंत?"

तीन महिने, मंडळी! तीन महिने त्या लेकराला वाटत होतं, ताई आपल्यालाच तेवढं बोलवत नाहीत.

कानांवर पुढं इलाज झाला. पण ताईंनी वहीतला तो शब्द खोडला नाही. त्याखाली लिहिलं — मी कुठं उभी होते?

बाई, सर, तुमच्याही वहीत एक नाव असेल. आत्ता आठवलं ना? उद्या सकाळी त्याच्यासमोर जाऊन बसा. ते अजून वाट बघतंय.