खारवड बंदरावरचा सत्कार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय प्रभुलिंगअण्णा, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेले आमचे भूगोलाचे वेणीमाधव सर, सौ. भार्गवीवहिनी, आणि मसालेभाताचा वास सुटल्यामुळे चुळबुळ करणाऱ्या बंधू-भगिनींनो,

मला थोडक्यात बोलायला सांगितलंय. सरांच्या सहवासात नोकरी काढलेल्या बाईला ते जमेल का, तुम्हीच सांगा.

सर सोलापूर सोडून कोकणात खारवड बंदरावर राहायला निघालेत. तरुणपणी ते तिथं एकदा गेले होते. ना गाडी, ना गर्दी. दर उन्हाळ्यात पंख्याखाली बसून म्हणायचे, "चेतनाबाई, निवृत्तीनंतर समुद्र, शांतता आणि मी!" यात वहिनींना धरलेलं नव्हतं. वहिनींनीही ते मनाला लावून घेतलं नाही.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळा स्टाफ ते गाव बघायला गेलो. बघतो तर काय, समोर समुद्रात केवढं थोरलं पर्यटकांचं जहाज! धक्क्यावर मांडव, ढोलताशे, हार घेतलेल्या मुली. सर सर्वांत पुढं होते, त्यामुळे पहिला हार त्यांच्याच गळ्यात पडला. आता सोलापूरच्या माणसाच्या गळ्यात हार पडला आणि समोर माईक असला, तर सत्काराला उत्तर दिल्याशिवाय तो हलेल का?

आमचे शिपाई सिद्धराममामा सदरा ओढत होते, "सर, ह्यो हार जहाजवाल्यांचा हाय की! आपला न्हाय!" पण सर रंगले होते. "या शांत गावात ही जत्रा कशाला? जहाजं परत पाठवा!" मागं ताटकळलेल्या गोऱ्या पाहुण्यांनी त्यावरही टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात शेजारच्या खानावळीतल्या मयेकरकाकू हातात डाव घेऊनच आल्या. "मास्तरानू, तुमका शांतता व्हयी म्हणान आमच्या झिलांनी मुंबैतच रवाचा काय? ह्या जहाजामुळे माझो झील घराक इलो!"

सरांनी गळ्यातला हार काढून हातात घेतला. मला त्यांच्याकडं बघवेना. माणसानं आयुष्यभर उराशी धरलेलं गाव, आणि त्याच गावानं असं विचारावं! पण जहाजामुळे काकूंचा मुलगा मुंबई सोडून घरी आला होता, त्यांचं काय खोटं होतं?

संध्याकाळी जहाज गेलं. दुकानं मिटली, कुत्रीसुद्धा झोपली. सर धक्क्यावर एकटे बसले. थोड्या वेळानं उठून खानावळीत आले आणि हळूच विचारलं, "काकू, पुढचं जहाज कधी?"

तर सर आता जहाजाच्या पाहुण्यांना गाव दाखवायला चाललेत. काकूंची एकच अट आहे, माईकला हात लावायचा नाही.

सर, तुम्ही जाताय याचं वाईट वाटतं, हे सरळच सांगते. आणि कधी पुन्हा शांततेची हौस आली, तर आमच्या स्टाफरूममध्ये या. उद्यापासून तिथं ती भरपूर असणार आहे.

आपण भुकेल्या पोटी ऐकून घेतलंत, आभारी आहे. जिभेचा तोल कुठं सुटला असेल तर आपलीच म्हणून सांभाळून घ्या. नमस्कार.