वूफरची घूं घूं

परभणीच्या बसमध्ये मनिषाच्या शेजारी बसलेले म्हातारे गृहस्थ पूर्ण्याहून चढले होते. त्यांच्या मांडीवर वूफरचा डबा होता. त्यांनी मुलाला फोन लावून स्पीकरवर टाकला. मनिषाने खिडकीबाहेर पाहिल्यासारखं केलं.

"बाबा? आज कसा काय फोन केला?"

"सिद्धू, तू बसवलेला वूफर घूं घूं करायलाय. गाणं बंद केलं तरी बी. परभणीला दुरुस्तीला घेऊन चाललोय."

"ॲम्प्लिफायरची वायर काढून बघितली का?"

"बघितली. घूं घूं थांबली."

"मंग वूफर चांगला हाय. वायर परत लावा, अन् टीव्हीची केबल काढून बघा."

"ते बी केलं काल. थांबली."

"म्हंजे खराबी केबलमधून यायलीय. वूफर कशाला नेता मंग परभणीला?"

"तुला इचारावं वाटलं."



"केबलला मधी घूं घूं अडवणारी एक छोटी डबी बसवावी लागंल, बाबा. रविवारी येऊन बसवतो. पण मी एकटा न्हाई येणार."

"एकटा ये म्हणलं का मी?"

"आमच्या लग्नाच्या वक्ताला तर तुमी..."

"ते ऱ्हाऊ दे आता. त्रिवेणीला ज्वारीची भाकर चालती का?"

"चालती की! इथंच हाय ती. देऊ का तिला फोन?"

"थांब जरा."

म्हाताऱ्यांनी घाईघाईने स्पीकर बंद केला, टोपी सारखी केली आणि फोन कानाला लावला.

"बोल, माय."